मांडीवरची कोंबडी

जेवायला हाक मारली की माणसानं ताटावर यावं, एवढीही रीत छगनरावांना उरली नाही, ही शांतीबाईंची तक्रार अख्ख्या कोरीट गावाला ऐकू गेली होती. छगनरावांच्या गळ्यावर लिंबाएवढी गाठ. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सुई टाकून तपासू म्हटलं, तेव्हापासून नवऱ्याला मळ्याचा भारी पुळका आला होता. भाकरी बांधून घ्यायची आणि थेट केळीतलं शेड गाठायचं.

शेवटी शांतीबाईच मळ्यात गेल्या. पाहतात तर काय, ज्या घरात अंडंसुद्धा चालत नाही, त्या घरचा धनी मांडीवर कोंबडी घेऊन बसलेला! कोंबडीची मान पिळलेल्या फडक्यासारखी वाकडी, आणि तिची हिरवी हगवण धोतरभर.

"हाई काय शे?"

"मानमोडी रोगनी कोंबडी शे. कोंबड्यावाला सुकलालकडथीन आणी," छगनराव हळूच म्हणाले. "आपली ममताच तं सांगे, या रोगना विषाणूमा असं प्रथिन शे, गाठले मारी टाकस. माले रोग लागना का गाठ गई!" त्यांनी लाल, चिकट डोळे अभिमानानं विस्फारले. "देख, डोया उनात. लागू पडनं!"

ममता त्यांची नात, नाशिकला प्रयोगशाळेत शिकणारी. शांतीबाईंनी तिथूनच तिला स्पीकरवर फोन लावून सगळं सांगितलं.

ममता आधी हसली, मग चिडली. "आजोबा, ते प्रथिन वेगळं काढून काचेच्या भांड्यातल्या पेशींवर टाकून बघतात. औषध अजून झालेलंच नाही. कोंबडी कुरवाळून नुसते डोळे येतात! आणि सुई टाकल्याशिवाय गाठ कसली ते कळणार कसं? साधीही असेल."

फोन बंद झाल्यावर छगनराव पुटपुटले, "आनि साधी नही निंघनी तं?"

भीती शांतीबाईंनाही तीच होती. पण ती दाखवतील त्या शांतीबाई कसल्या! त्यांनी कोंबडी उचलून पाटीखाली झाकली. शेजारच्या मंगलाबाईच्या खुराड्यात रोग जाऊ नये म्हणून नवऱ्याला साबण लावून हातपाय धुवायला बसवलं, धोतर उकळत्या पाण्यात टाकलं. मग कंबरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या,

"घान कोंबडी मांडीवर लेवानी हिंमत शे, आनि मुंगीएवढ्या सुईले भेतस! सकाय गाडीमा बठनं शे. सुई टाकतीन तवय हात मी धरसू. आनि पळनात तं याद राखा, तुम्हले गाठ बरी वाटी, इतली मी वाईट शे!"