कंपनीचं कॅसिनो

जळते मी मैत्रीवर. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाकं मुरडायला नको. मैत्री माझी धाकटी बहीण. अमेरिकेत मिशिगनला असते, घरं विकते, आणि आमच्या आईला तिचं सगळं गोड लागतं. मी जर्मनीत येनाला भिंगांच्या कंपनीत इंजिनिअर आहे, नवरा, मुलगी, फ्लॅट सगळं जागच्या जागी आहे, पण आईच्या तोंडी नाव कुणाचं? मैत्रीचं.

यंदा आई आधी तिच्याकडे राहून आली आणि मग माझ्याकडे आली. विमानतळावर मिठी मारली, बॅग गाडीत ठेवली, आणि हायवेला लागायच्या आत सुरू, "सुमे, तुमच्याकडे कॅसिनो नाहीत का गं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माझी आई, अरुणाबाई, नाशिकरोडला टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून आयुष्य काढलेली. बाबा होते तेव्हा घरात पत्त्यांचा कॅट आला तरी त्यांच्यावर डोळे वटारायची. ती बाई मला सांगत होती की तिकडे मशीनवर बटण दाबलं की चित्रं कशी गरगर फिरतात आणि म्हाताऱ्या बायका कशा लिपस्टिक लावून येतात. "दर शनिवार-रविवार जायचो आम्ही," म्हणाली. आम्ही! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी एक्झिट चुकले.

आणि हे नुसतं गमतीवर असतं तर मी गिळलं असतं. पण मैत्री आता तिकडची नागरिक झालीय आणि तिला आईचं ग्रीन कार्ड करायचंय. रविवारपर्यंत आईने हो म्हणायचं, सोमवारी वकील कागद पाठवणार. एकदा ते झालं की आई तिकडचीच. माझ्याकडे येईल ती पाहुणी म्हणून, आठ-पंधरा दिवस, तेही मैत्रीला सवड असेल तेव्हा. मला तर आईला इथे कायमचं आणता येत नाही, कायद्यातच बसत नाही. मिळतात ते नव्वद दिवस. पण वर्षातून दोनदा मिळतात! अर्धं वर्ष माझ्याकडे, अर्धं नाशकात, असा माझा सरळ हिशोब होता. आईने फक्त नाही म्हणायचं होतं. आणि आई हो-नाही काहीच न बोलता, रोज संध्याकाळी माझ्याच सोफ्यावर बसून, माझ्याच वायफायवर, तिकडची कॅसिनो निवडत होती.

"जयभीम ताई," स्क्रीनवर मैत्री उगवायची. तिची जेवणाची सुट्टी असायची तेव्हा. "आईला दे ना. पुढच्या वेळचं ठरवतोय."

मग दोघींचं चालायचं. आईने प्रत्येक कॅसिनोला आपलं नाव ठेवलं होतं. कमानीचं, तळ्याचं, बुफेवालं.

"बुफेवालं नको गं," आई म्हणायची. "तिथे धूर फार. डोळे चुरचुरतात."

"मग कमानीचं? मला जवळ पडतं."

"तिथे टॉयलेट लांब आहे. आणि खुर्च्यांना पाठ नाही."

"तळ्याचं लांब आहे पण आई. तासभर जायला, तासभर यायला."

"तळ्याचं चांगलं आहे," आई म्हणायची. "चहा फुकट देतात. गरम पाणी मागितलं तर देतात."

मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत ऐकायची. राणीसाहेबांना पाठवाली खुर्ची हवी! माझ्याकडे आल्यापासून ही बाई लाकडी स्टुलावर बसून भाजी निवडते, तेव्हा पाठ कुठे जाते?

"आणि सप्टेंबरात ना आई, तीन दिवस रिसॉर्टचं बघतेय," मैत्री म्हणाली. "तिथे राहायचीच सोय आहे. खोली, पोहायचा तलाव, खाली कॅसिनो. तू ठरव, उत्तरेकडचं की नदीवालं."

तीन दिवस! माझी पोळी तव्यावर करपली. मी आईला वायमारला नेलं, एर्फुर्टचा पूल दाखवला, टेकडीवर नेऊन आइसक्रीम खाऊ घातलं. "छान आहे," म्हणाली. बास. तेवढंच. आणि इकडे रिसॉर्टचं नाव काढलं की लगेच चष्मा पुसून पुढे सरकायची.

"अगं, जाऊ दे ना," माझा नवरा यशपाल म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाची हौस आहे."

"तुम्ही मध्ये पडू नका," मी म्हटलं. "तुम्हाला भाऊ-बहीण नाही, तुम्हाला कळायचं नाही."

त्या बुधवारी आमची उर्जा तिथेच जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. सहा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलते जर्मन. कॅसिनो कॅसिनो ऐकून तिने मान वर केली आणि म्हणाली, "मामा गेट येडन टाग इन्स कासिनो."

"कुठला मामा?" आईने विचारलं.

"मामा म्हणजे मी," मी आतून ओरडले. हे आल्या दिवसापासून चाललं होतं. माझ्या पोरीने मला हाक मारली की आई दाराकडे बघायची.

"मग काय म्हणते ती? कॅसिनो म्हणाली ना?"

"मी रोज कॅसिनोत जाते असं म्हणते."

खरी गोष्ट अशी की आमच्या कंपनीच्या कँटीनला कासिनो म्हणतात. जुन्या जर्मन कंपन्यांत म्हणतात तसं. दारावर तशी पाटीच आहे. तिथे बटाटे मिळतात. मला हे एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि मी तोंड उघडलंही होतं. पण आई माझ्याकडे अशी बघत होती, जसं तिने आल्यापासून एकदाही बघितलं नव्हतं. आणि स्क्रीनवर मैत्रीने कानातला इअरफोन नीट बसवला. "काय? रोज? ताई, तू?"

"कंपनीचं स्वतःचं आहे," मी म्हटलं. "आमचं आम्हाला."

"कंपनीत कॅसिनो?"

"हो. गेनाऊ, अगदी तसंच. जर्मनीत असतं." आणि पोळपाट धुवायला वळले. मैत्रीचा चेहरा बघून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"रोज जातेस आणि मला एकदाही नेलं नाहीस?" आई म्हणाली. "कमाल आहे बाई तुझी. उद्याच चल."

उद्याचं मी परवावर ढकललं. दोन दिवस रोज ठरवत होते, सांगून टाकू. यशपाल तर हसून हसून बेजार. "आता निस्तर," म्हणाला. शुक्रवारी बघते तर आई नेसून तयार. निळी इरकल, मोत्यांच्या कुड्या, आणि खांद्याला ती मैत्रीने घेऊन दिलेली पर्स. "ही लकी आहे," म्हणाली. झालं! माझ्या अंगाचा पुन्हा तिळपापड. म्हटलं चल, बघच आता.

ट्राममध्येही सांगितलं नाही. गेटवर पाहुण्यांचा पास केला. अंगण ओलांडलं. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, कासिनो. आईने एकेक अक्षर लावून वाचलं आणि माझा हात दाबला.

आत शिरल्याशिरल्या जेवणाच्या कार्डात पैसे भरायचं यंत्र आहे. भिंतीवर, हिरवा दिवा लुकलुकत असतो. आई सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "इथेही कार्डच लागतं का? तिकडेही कार्डच." मग आजूबाजूला बघितलं. "सुमे, एकच मशीन आहे?"

मागे माझा सहकारी उभा होता, त्याला कार्ड भरायचं होतं. "मालत्साइट," तो म्हणाला. जेवणाच्या वेळी सगळे एकमेकांना तेच म्हणतात.

"काय म्हणतो? माझा नंबर आला?"

"आई, बाजूला हो," मी म्हटलं. "हे कँटीन आहे. कॅसिनो म्हणजे इथे कँटीन. चल, ट्रे घे."

तिला कळायला क्षणभर लागलं. मग ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, लोक वळून बघेपर्यंत. "अगं माझे आई! कँटीन!" ट्रे घेतानाही हसत होती, टेबलावर बसल्यावरही. ताटात थुरिंगियाचे क्लोसे होते, बटाट्याचे मोठे पांढरे गोळे, वर मशरूमची करी. "हे काय, उकडीचा मोदक सारण विसरला वाटतं," म्हणाली आणि पुन्हा हसली.

मला मात्र रडू फुटलं. भर कँटीनमध्ये, सगळ्या डिपार्टमेंटसमोर.

"हस," मी म्हटलं. "हसणारच तू. मैत्री तुला खऱ्या कॅसिनोत नेते, तळ्याचं काय, कमानीचं काय, तीन दिवस रिसॉर्ट काय! माझ्याकडे हेच आहे. बटाटे. लहानपणापासून तुझं हेच. तिचं सगळं गोड. जा तिच्याकडे, कर ते ग्रीन कार्ड, मी काही म्हणणार नाही."

आईने काटा खाली ठेवला. "नेते कुठे?" म्हणाली. "सोडते."

"सोडते म्हणजे?"

"म्हणजे सोडते. तू उर्जाला पाळणाघरात सोडायचीस ना, तशी. शनिवार-रविवारीच लोक घरं बघायला येतात. तिला घरी राहता येत नाही. आणि घर असं आडबाजूला की कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा चालत जाता येत नाही. पहिले दोन रविवार मी एकटी होते, तर घाबरून तिला सारखे फोन केले. मग ती सकाळी मला कॅसिनोत सोडायला लागली. थंडगार असतं, खायला मिळतं, रखवालदार असतात. संध्याकाळी अंधारायच्या आत घ्यायला येते."

"दिवसभर?"

"दिवसभर. म्हणून तर बघावं लागतं ना, खुर्ची कशी आहे, टॉयलेट कुठे आहे. मशीनवर मी काय खेळणार गं? दोन-चार बटणं दाबते. सप्टेंबरात तिचं ट्रेनिंग आहे दुसऱ्या गावाला, म्हणून ते रिसॉर्ट."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आनंदाच्या उकळ्या फुटल्या अगदी. म्हणजे मैत्रीबाईंनी आईला पाळणाघरात घातली होती! आणि मी येडी रोज संध्याकाळी पोळ्या करपवत होते.

"मग नाही म्हण की तिला," मी डोळे पुसून पुढे सरकले. "रविवारी सांगून टाक. नव्वद दिवस माझ्याकडे, पुन्हा नव्वद दिवस माझ्याकडे. मी आहे ना."

"मी हो म्हणणार आहे, सुमे."

मला कळेचना. "कशाला? मशीनसमोर बसून राहायला?"

"इथे मी कुठे बसते?" आईचा आवाज चढला नव्हता. टेलिफोनवर बोलायची ना, तसाच होता, सरळ. "तू सकाळी जातेस. यशपालराव तुझ्याही आधी. उर्जा शाळेत, आली की माझ्याशी जर्मन बोलते. मी खिडकीत बसते. परवा दिवसभरात एकदा बोलले. पार्सलवाल्याशी. थँक्यूच्या जागी डांके म्हटलं. मी आयुष्यभर बोलायचा पगार घेतलाय गं."

"तिकडे तरी कोण आहे तुझ्याशी बोलायला?"

"लोरेन आहे," आई म्हणाली.

आणि मग तिने मला सांगितलं. लोरेन तळ्याच्या कॅसिनोत येते, सीनियर लोकांच्या बसने. नवरा गेलाय तिचा, गुडघे दुखतात. आईसाठी शेजारची खुर्ची धरून ठेवते. तिच्यावर आपला कोट टाकून ठेवते आणि कुणाला बसू देत नाही. तिला अरुणा म्हणता येत नाही, रूना म्हणते. आईचं इंग्लिश टेलिफोन खात्यातलं, एकदम स्वच्छ, त्यामुळे दोघींचं जमतं. लोरेन सुनेबद्दल बोलते, आई आमच्याबद्दल.

"आमच्याबद्दल काय सांगतेस?"

"सांगते, मुली चांगल्या आहेत. कामात असतात." आईने गोळ्याचा एक तुकडा तोडून करीत बुडवला आणि चवीने खाल्ला. सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता, जसा मला वाटायचं मैत्रीचं नाव घेताना उजळतो. मैत्रीमुळे नव्हताच तो उजळत.

रविवारी फोन आला. "जयभीम ताई. आई, काय ठरलं मग?"

"हो सांग वकिलाला," आई म्हणाली.

मैत्री खूश झाली. पुढचं सुरू, "बरं, मग आल्या-आल्या पहिला शनिवार कुठे? कमानीचंच ठेवू का? मला जवळ आहे, आणि—"

मी आईच्या हातून फोन घेतला. "तळ्याचं ठेव," मी म्हटलं. "लांब असलं तरी तळ्याचंच. दर वेळी. तिथे लोरेन येते."

"कोण लोरेन?" मैत्री म्हणाली.

तिला माहीतच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आईचं काहीतरी मला आधी कळलं होतं, तिला नाही. मी जिंकले होते. पण आई मागून डोकावली आणि लाजल्यासारखी हसून म्हणाली, "अगं, माझी मैत्रीण आहे. माझ्यासाठी जागा धरते."

स्क्रीनवर तिचा चेहरा बघत होते, आणि मला तो नीट ओळखता आला, कारण आई आल्यापासून आरशात तोच बघत होते. आम्हा दोघी बहिणींना एकाच वेळी एकाच बाईचा हेवा वाटत होता.