पत्र्याच्या होडीचं भोक

माझा धाकटा भाऊ सावेली निवृत्त होऊन नार्वा शहरातून घरी परतला, तो सरळ माझ्या कांद्याच्या वाफ्यांतून चालत. मी ओरडणारच होते. पण तो घरात न शिरता खोपटामागे गेला आणि खाजऱ्या झुडपांत उपड्या पडलेल्या बाबांच्या होडीसमोर पिशवी हातात घेऊन उभा राहिला.

"ताई, ही अजून आहे?"

"जाणार कुठे? तिला काय पाय आहेत?"

पेइपुस सरोवराच्या आमच्या काठावर अ‍ॅल्युमिनियमची पहिली होडी बाबांचीच. बाकी सगळ्यांच्या लाकडी होत्या. बाबा रोज संध्याकाळी ती पुसायचे, आम्हा मुलांना कधी एवढं पुसलं नाही. सहा-सात वर्षं ती छान चालली. मग एका शरदात बाबा जाळी काढायला गेले आणि होडीत पुढून पाणी भरायला लागलं. कसेबसे काठाला लागले. होडी उलटी केली तर तळाला, अगदी टोकाजवळ, अंगठा जाईल एवढं भोक. आदल्या दिवशी होडी सावेलीने नेली होती.

"दगडावरून ओढलीस," बाबा म्हणाले.

"नाही ओढली," सावेली म्हणाला.

"खोटारडा," बाबा म्हणाले, आणि भांडण तिथेच संपलं. संपलं म्हणजे आमच्या घरात संपतात तसं. बाबांनी त्याला परत वल्ह्याला हात लावू दिला नाही. सरोवर गोठायच्या आत सावेली नार्व्याच्या वीजघरात तारा जोडायला लागला. बाबा वारले तेही मनात तेच धरून.

आणि आता हा म्हणतो, होडी दुरुस्त करायची.

"मासे धरणार आहेस?" मी विचारलं.

"मासे मागाहून. आधी मला ते भोक बघायचंय."

"भोकात काय बघायचं? भोक म्हणजे तिथे नसलेला पत्रा."

तो हसला नाही. "दगडाने पत्रा फाटला तर कडा आत दबलेल्या दिसतात. मी बघायच्या आधीच बाबांनी त्यावर डांबर थापून ठिगळ मारलं. ताई, इतकी वर्षं मी नाही म्हणत आलो, पण आता माझीच खात्री राहिली नाही. त्या दिवशी वारा होता, मी घाईत होतो. ओढली असली तर? मला एकदाचं कळू दे."

आई बाकावर बसून कांद्यांच्या वेण्या घालत होती. तिला दात नाहीत, पण कान शाबूत आहेत. "तुझा बाप खोटं बोलत नव्हता," ती मान वर न करता म्हणाली.

"मग मी बोलत होतो?"

"तू लहान होतास."

हे काही उत्तर नव्हे. पण आईसमोर कोण नाकाने कांदे सोलणार?

दुसऱ्या दिवसापासून खरवडणं सुरू झालं. जुना रंग, शेवाळ, पक्ष्यांची घाण. मग सावेलीने होडी सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर सुलटी ठेवली आणि नळी लावून आत पाणी सोडलं. शेजारचा लाव्रेन्ती कुंपणावर रेलून बघत होता. आमच्याकडे लाकडी होडी वसंतात पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे फळ्या फुगून फटी मिटतात.

"काय रे सावेली, पत्रा फुगवतोस?" लाव्रेन्ती म्हणाला. "नार्व्याला हेच शिकवतात वाटतं. थोडं खमीर घाल, लवकर फुगेल."

सावेली होडीखाली उताणा पडला होता. "पाणी आत कुठून येतं ते दिसत नाही," तो खालूनच म्हणाला. "बाहेर कुठून जातं ते दिसतं."

लाव्रेन्ती कुंपण ओलांडून आला आणि तोही होडीखाली पडला. खोटं कशाला बोलू, मीही वाकले. पत्रे जोडणाऱ्या रिवेटच्या एका ओळीतून थेंब जमत होते. सावेली प्रत्येक थेंबाला खडूने गोल करत होता. पाणी काढून टाकल्यावर त्याने मला आतून जड लोखंड धरायला लावलं आणि बाहेरून एकेक सैल रिवेट ठोकली. माझे दात हलले, पण मजा आली. त्यानंतर रोज सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी मी चहा घेऊन होडीकडे जायला लागले. आता मलाही ते भोक बघायचं होतं.

शेवटी त्याने बाबांचं ठिगळ काढलं. डांबर निघता निघेना. निघालं तेव्हा सावेली किती तरी वेळ भोकाच्या कडेवरून बोट फिरवत बसला.

"कडा दबलेल्या नाहीत," तो म्हणाला. "कागदासारख्या पातळ झाल्यात. हे फाटलेलं नाही, ताई. खाल्लंय. आणि आतून."

"पत्रा कोण खातं? उंदीर?"

होडीच्या टोकाला एक बंद पेटी असते, होडी बुडू नये म्हणून तिच्यात फोम भरलेला असतो. वर हात जाईल एवढंच गोल झाकण. सावेलीने पेटीच्या रिवेट ड्रिलने काढल्या, फोम उपसला आणि तळातून लोकरीची एक कुजकी चिंधी बाहेर काढली. भोवती पांढरी पूड साचली होती. चिंधीत तांब्याचा क्रूस होता, तळहाताएवढा.

मी तो लगेच ओळखला. आजोबांच्या लाकडी होडीच्या टोकाला तो ठोकलेला असायचा. लहानपणी होडीत चढताना आम्ही त्यावर ओठ टेकायचो. ती होडी जळणाला गेली तेव्हा क्रूस कुठे गेला, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"तांबं," सावेली हळू म्हणाला. "ओल, आणि खाली अ‍ॅल्युमिनियम. वीजघरात पहिल्या दिवशी सांगतात, तांब्याची तार अ‍ॅल्युमिनियमच्या तारेशी कधी पिळायची नाही. तांब्याला काही होत नाही, दुसऱ्याचा भुगा होतो."

तो गवतात बसला. आधी हसला, मग त्याने बाहीने डोळे पुसले. "मी नव्हती ओढली."

"नव्हतीस," मी म्हटलं. मला इतका आनंद झाला की त्याच्या टकलावरून हात फिरवला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि मग चोर कोण ते माझ्या डोक्यात शिरलं, आणि हात तिथेच राहिला. मी आवाज खाली घेतला. "सावा, तो तिथे आईने ठेवला असणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. ऐकतोयस ना?"

"पेटी उघडलीस का रे?" बाकावरून आईची हाक आली. "तिथे माझा क्रूस असेल, जपून काढ. लाकूड तरंगतं, पत्रा बुडतो. मला भीती वाटायची. येव्स्ताफी हसला असता, म्हणून गुपचूप टाकला." येव्स्ताफी म्हणजे आमचे बाबा.

सावेलीने क्रूस नेऊन तिच्या हातात दिला. तो नुकता घासल्यासारखा चमकत होता.

"बघा," आई म्हणाली. "इतकी वर्षं ओलीत राहून काळा पडला नाही. होडीला भोक पडलं तरी तुमचा बाप परत आला, तो याच्यामुळे. आणि भोकाचं काय निघालं?"

'मी ओढली नव्हती' हे एक वाक्य तिला ऐकवायला सावेली अर्धं आयुष्य थांबला होता. मी त्याच्याकडे बघितलं.

"दगडच होता, आई," तो म्हणाला. "बाबा बरोबर होते."

"मी म्हटलंच होतं," आई म्हणाली. "क्रूस परत तिथेच ठेव."

आता आली का पंचाईत. सावेली दोन दिवस विचार करत हिंडला. भोकावर नवा पत्रा बसवला, होडीला हिरवा रंग दिला. मग ओकची एक फळी तासली, तिच्यावर क्रूस ठोकला, आणि खाली रबर घालून फळी होडीच्या टोकाला बसवली.

होडी पाण्यात सोडायच्या दिवशी आई काठी टेकत काठावर आली. तिने क्रूसावर ओठ टेकले आणि फळी चाचपली.

"हे लाकूड कशाला?"

"शोभेला," सावेली म्हणाला.

"तुला कधीपासून शोभा कळायला लागली?" तिचं बोट रबरावर थांबलं. "हा पत्र्याला लागू नये म्हणून?"

मी सरोवराकडे बघत राहिले. आईने हात तसाच खाली नेला, नवा पत्रा बसवला होता तिथपर्यंत. बरोब्बर क्रूसाच्या जुन्या जागेखाली.

"आजोबांची होडी लाकडाची होती," ती म्हणाली. "तिला कधी काही झालं नाही."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"सावा, तू मला दगड म्हणालास."

"हो."

"ते खोटं होतं."

"हो, आई."

"म्हणजे तुझं हे पहिलं खोटं." तिने काठी उचलली. "होडी राहू दे. आधी मला येव्स्ताफीकडे न्या."

कबरस्तान टेकाडावर आहे. आम्ही दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. कबरीपाशी तिने आमचे हात सोडवले, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं, आणि कांद्याचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "येव्स्ताफी, होडी पोराने फोडली नाही. मी फोडली. काय बोलायचं ते मला बोल. त्याच्यावरचा राग सोड."

ती तशीच वाट बघत राहिली. सावेलीने टोपी काढून छातीशी धरली होती. बऱ्याच वेळाने आईने मला हात दिला आणि उठली.

"काही म्हणाला नाही," ती म्हणाली. "म्हणजे पटलं. घरी चल आणि सावाला बापाची वल्ही काढून दे."

वल्ही खोपटात आढ्याला बांधलेली होती. मी शिडी लावून काढली, एप्रनने धूळ पुसली आणि त्याच्या हातात दिली.