भट्टीत न गेलेला चिमटा

मी एक जुना लाकडी चिमटा आहे, मित्रांनो. धुतलेल्या चादरी दोरीवर धरून ठेवणं हे माझं काम. माझी गोष्ट जन्मापासून सांगायला हवी, हे मला कळतं. पण सांगायला गेलं की आधी तो एकच दिवस आठवतो.

त्या दिवशी, आमच्या धुलाई कारखान्यात चादरी वाळत घालणाऱ्या ताईचा नवरा तिला न्यायला दारात आला. तो बस चालवतो. शिफ्ट संपली की रोज यायचा. आत सगळी यंत्रं बंद होती. इस्त्रीवाले काका पुढे झाले. ते ताईला लेक मानायचे, म्हणून त्याला जावईबापू म्हणायचे.

"जावईबापू, बसा जरा."

"बसतो कशाला? तुमच्या लेकीला हाक मारा. आज तरी वेळेवर निघू दे."

काकांनी स्टूल पुढे सरकवलं. बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. काय झालं, असं त्यानं विचारलंच नाही. "कुठं नेलंय?" एवढंच म्हणाला.

दवाखान्यात नेताना ती वाटेतच गेली होती.

आता पहिल्यापासून सांगतो. एका सुतारानं उरलेल्या लाकडातून मला घडवलं. दोन पट्ट्या आणि मधे एक स्प्रिंग, एवढाच माझा देह. कारखान्यात आलो तेव्हा टोपलीत माझ्यासारखे कितीतरी होते. इथे दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. ताई दोन्ही हातांनी चादर ताणायची आणि तोवर मला दातांत धरायची. माझी पकड घट्ट होती. वारा सुटला तरी मी चादर सोडत नसे. ताई बायकांना म्हणायची, "माझ्या नवऱ्यापेक्षा हा बरा. हाक मारावी लागत नाही आणि धरलं की सोडत नाही." बायका हसायच्या. मला फार बरं वाटायचं.

त्या पकडीमुळेच माझी निवड झाली.

कारखान्यात कपडे पिळायचं मोठं यंत्र आहे. त्याला सगळे ड्रम म्हणतात. त्याच्या झाकणाखाली एक बटण असतं. झाकण उघडलं की बटण सुटतं आणि ड्रम हळूहळू थांबतो. तो पुरता थांबेपर्यंत हात घालायचा नसतो. मालकांना हा थांबण्यात जाणारा वेळ नको होता. त्यांनी मिस्त्रीला सांगितलं, मिस्त्रीनं दोरीवरून मला उचललं आणि बटण दाबून धरायला लावलं. आता झाकण उघडं असलं तरी ड्रम फिरत राहायचा.

ताईनं ते पाहिलं. "मिस्त्री, तो चिमटा काढा. कुणाचा तरी हात जाईल."

"मालकांना सांगा, ताई. मी हुकमाचा माणूस."

ती मालकांकडे गेली. मालक म्हणाले, "एवढी भीती वाटते तर घरी बसा. कामाला माणसं पुष्कळ आहेत."

ती घरी बसली नाही. एका दुपारी ओल्या चादरीचं टोक तिच्या हाताला गुंडाळलं गेलं. ड्रम थांबला नाही. त्यापुढचं मी तुम्हाला सांगणार नाही.

तिला गाडीत घालून नेलं, तेव्हा यंत्रापाशी तिघंच उरले. मालक, मिस्त्री आणि काका. मी बटणावरच होतो. मालक हळू आवाजात म्हणाले, "चिमटा काढा. तिनं घाई केली. ड्रम थांबायच्या आधीच हात घातला. तिघांनी एकच सांगायचं." मिस्त्रीनं मान हलवली. काका म्हणाले, "अहो, अजून ती जिवंत आहे." मालकांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मिस्त्रीनं मला काढून काकांच्या हातात दिलं. "भट्टीत टाका."

काका पाणी तापवायच्या भट्टीकडे निघाले. वाटेत चिमट्यांची टोपली होती. आमच्याकडे चिमटा हातात आला की तो टोपलीत जातो. गेली कित्येक वर्षं काकांचा हात हेच करत आला होता. त्या दिवशीही त्यानं तेच केलं. भट्टीपाशी जाऊन काकांनी मूठ उघडली तर ती रिकामी होती. ते बराच वेळ तळहाताकडे पाहत राहिले. मग परत येऊन म्हणाले, "टाकला."

अधिकारी आले. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, ड्रम थांबला. तिघांना वेगवेगळं विचारलं. तिघंही म्हणाले, घाई केली. ताईच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, अशी नोंद झाली.

आता ड्रमला चिमटा नसतो. झाकण उघडलं की तो घरघरत मंद होत जातो आणि सगळ्या बायका हात मागे घेऊन उभ्या राहतात. कुणी कुणाकडे पाहत नाही. मी बाहेर दोरीवर असतो, तरी ती घरघर माझ्या स्प्रिंगपर्यंत पोचते. वाऱ्यानं चादर फुगली की वाटतं, पलीकडून ताई ती ताणते आहे.

एकदा तिचा नवरा अंगणात आला. काका चादरी काढत होते.

"काका, ती घाई करणारी नव्हती हो. बस सुटायला आली तरी धावायची नाही. कितीदा तरी तिच्यासाठी मी गाडी थांबवून धरलीय, लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. झाकणाला चिमटा लावलाय म्हणून ती घरी सांगायची."

काकांनी पुढची चादर ओढली.

"वकीलबाई म्हणाल्या, पुरावा नष्ट करायचं ठरवलं आणि त्यासाठी हात हलवला, की गुन्हा झाला. तो नष्ट व्हायलाच पाहिजे असं नाही. पण ठरवलेलं ऐकणारा माणूस बोलायला हवा. नाहीतर तो चिमटा हवा."

"जावईबापू, या वयात मला दुसरीकडे कोण उभं करेल?"

"तिला लेक म्हणायचात ना?"

काकांचा हात दोरीवरून सरकत माझ्यापाशी आला. माझ्या तोंडात ते बटण दाबून धरल्यानं पडलेली खाच आहे. तिच्यात ग्रीस मुरलंय, ते धुऊन जात नाही. काकांच्या अंगठ्यानं ती खाच चाचपली. त्यांनी मला दोरीवरून काढलं. मूठ त्याच्याकडे वळली.

तेवढ्यात खिडकीतून मालकांचा आवाज आला, "काका, काय चाललंय?"

"काही नाही. चादरी काढतोय," काका म्हणाले, आणि त्यांनी मला पुन्हा दोरीला लावलं. तिच्या नवऱ्यानं मान वर केली. डोक्यावरच्या दोरीवर चिमट्यांची रांगच्या रांग होती. त्यानं ती पाहिली आणि तो गेला.

मित्रांनो, तुम्ही कुठं काही पाहिलंत, ऐकलंत, तर ते वेळेवर सांगा. मला तोंड आहे, पण ते धरण्यापुरतंच आहे. तुमचं बोलायला आहे.

ताईच्या नावापुढची नोंद अजून बदललेली नाही. काका अजून बोललेले नाहीत.