डावीकडचं व्हायोलिन

“व्हायोलिन डावीकडून येतंय,” बाबा म्हणाले. “अगदी कानाशी. वाजवणारा नुकताच दाढी करून बसलाय, इतकं स्वच्छ.”

डोळे मिटून ते नव्या स्पीकरांसमोर खुर्चीत बसले होते. साक्षीदार म्हणून मामाला बोलावलं होतं. कारण आई रोज टोमणा मारायची, “तुमचा कान गेलाय.” पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या प्रेसपाशी उभं आयुष्य काढल्यावर काय जातं, हे कारखान्यालाही ठाऊक असावं; उद्या तिथे कानांची तपासणी होती. नापास होणाऱ्याला प्रेसवरून काढून फाटकावर बसवायचे. फाटकावर एक स्टूल आणि एक कुत्रं होतं. त्यात सीनियर कुत्रं.

म्हणून बाबांनी आधी घरी पास व्हायचं ठरवलं आणि बोनसमधून स्पीकर आणले. मामा जुना शौकीन. त्याने शेल्फवरची पुस्तकं उतरवून स्पीकर मांडले. पुस्तकांच्या चळतींवर आम्ही बसलो. त्यांचा घरात पहिल्यांदाच उपयोग होत होता.

“दाजी, खालचे सूर?” मामाने विचारलं.

“भरीव. पण उगीच छाती काढून चालत नाहीत.”

“आणि डावं-उजवं?”

“एकदम सारखं. सावत्रपणा नाही.”

मामा उठला. डाव्या स्पीकरला कान लावला. मग मागे हात घालून त्याने एक सुटी वायर वर काढली, मेलेला उंदीर शेपटीला धरून काढतात तशी.

ती लावायचं काम माझं होतं. मध्येच दूध उतू गेलं, आईने हाक मारली आणि राहून गेलं. डावा स्पीकर पहिल्यापासून मुका होता.

गाणं चालूच राहिलं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. बाबांनी डोळे उघडले नाहीत. खुर्चीच्या हातावर ताल धरणारी बोटं फक्त थांबली.

“दाजी, अहो...”

“तुझं आपलं काहीतरीच,” आई म्हणाली. “मलाही डावीकडूनच आलं.”

“अगं ताई, वायर माझ्या हातात आहे!”

“मग हातातून आलं असेल. चहा घे.”

मामाने माझ्याकडे पाहिलं.

“मलाही,” मी म्हणालो.

मामाने वायर ठेवली, चहा घेतला. आपल्या बहिणीशी वाद घालून कुणी जिंकल्याचं त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

तो गेल्यावर मी वायर उचलली.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “काय फरक पडणार आहे?”

आई नेहमीसारखी त्यांच्या डाव्या हाताला बसायला गेली. वर्षानुवर्षं ती तिथूनच बोलत आली होती: दूधवाला, माझे मार्क, तिची दुखरी पाठ. उत्तर आलं नाही की, या माणसाला माझी किंमतच नाही, असं म्हणून उठायची. आज ती बसता बसता थांबली. आपली चळत उचलून तिने उजवीकडे नेली.

“उद्या डॉक्टरांना खरं ते सांगा,” ती हळू म्हणाली.

“बरं,” बाबा म्हणाले.

इतक्या लगेच उत्तर आल्यावर पुढे काय बोलायचं, ते आईला सुचेना.