संपतच्या नावाचं चलन

ट्रॅफिकच्या चलनावरच्या फोटोतली नंबरप्लेट स्वच्छ दिसत होती, मागचा चेपलेला कोपराही दिसत होता, पण नूतनची नजर अडकली ती डाव्या खिडकीतून बाहेर आलेल्या हातावर – हिरव्या बांगड्यांचा, बोटं फाकलेला, वारा धरायला निघालेला हात. वैजूचा. नणंदेचा. मोठे दीर दादाभाऊ मोबाइल समोर धरून उभे होते आणि ती त्या हाताकडेच बघत राहिली. खाली वेगाचा आकडा होता, जालन्याच्या अलीकडचं कुठलंसं ठिकाण होतं, आणि सगळ्यांत वर गाडीमालकाचं नाव... संपत. तिचा नवरा.

"हद्द ऐंशीची, अन् तू एकशेचारनं?" दादाभाऊ म्हणाले. "लई झालं हे. आळेफाट्याचं गिऱ्हाईक येतंय संध्याकाळी. गाडी देऊन टाकू."

गाडी अजून संपतच्याच नावावर होती आणि नोंदवलेला मोबाइल नंबर दादाभाऊंचा, कारण ऑफिसची कामं या घरात तेच करत. म्हणून हे सगळं आधी त्यांच्याकडे पोचलं. पण संपत! जन्मात साठच्या वर न गेलेला माणूस. नारायणगावच्या रस्त्याला ट्रॅक्टरवालेसुद्धा हॉर्न देऊन ज्याच्या पुढे निघून जायचे, त्याच्यावर – जाऊन वर्ष उलटल्यावर – भरधाव गाडी हाकल्याचा ठपका... तिला रडू यायला हवं होतं. आलं हसू. ते दाबायला तिनं पदर तोंडाशी नेला, तर दादाभाऊंना वाटलं ती रडतेय, आणि बिचारे गडबडून बाहेर निघून गेले.

मग दिवसभर ती वाफ्यात कांद्याची रोपं लावत राहिली. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य छत्र्या शिवारापलीकडे आभाळाकडे तोंड करून उभ्या, आणि हिचं डोकं मात्र मेहकरच्या रस्त्यावर. वैजूला सासरहून आणायचं, मुराळी व्हायचं, हे दर दिवाळीला संपतचं काम. यंदा दादाभाऊ म्हणाले, एसटीनं येऊ दे तिला. माहेरवाशिणीनं पिशव्या सांभाळत एकटीनं यायचं? मग माहेर कसलं ते? मी जाते, असं तिच्या तोंडून निघून गेलं, आणि दादाभाऊ बघतच राहिले – बाई कधी मुराळी होते का? पण ती गेली. वैजूची सासू दारात उभी राहून गाडीत अजून कुणी आहे का हे वाकून बघत होती.

येताना सिंदखेडराजापर्यंत दोघी गप्प. काय बोलणार? दर वर्षी गाडी चालवायला जो बसायचा तो संपतच मध्ये बसल्यासारखा... आणि मग एकाएकी वैजू म्हणाली, "वहिनी, आण्णा असता तर आपुन अजून मेहकरच्या फाट्यावरच असतो बघ!" त्यावर दोघी हसल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या, वैजूनं काच खाली करून हात बाहेर काढला, आणि पाय कधी दाबला गेला कुणाला कळलं... वाफ्यात वाकल्या वाकल्या तिच्या मनात येत राहिलं: वर्षभरात पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. तो नव्हता, आणि तरी बरं वाटत होतं. त्याची लाज वाटावी की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. पण ते खोटं नव्हतं. आज गाडी गेली की मी पुन्हा कोपऱ्यात बसणार, कुणी नेलं तर जाणार, नाहीतर नाही.

दिवेलागणीला दादाभाऊ अंगणात गाडीजवळ उभे होते. गिऱ्हाईक अजून यायचं होतं.

"तुला काय झालं असतं म्हंजे?" ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "एक भाऊ गेला माझा. अन् वैजीबी व्हती गाडीत." ते गाडीच्या चेपलेल्या कोपऱ्यावर हात फिरवत राहिले. सकाळपासून जो राग वाटत होता तो राग नव्हताच, हे तिला आत्ता कळलं. माणूस भ्यालेला होता. तिला त्यांची माया आली, पण म्हणून गाडी द्यायची?

"चुकलं माझं, भाऊ. इतक्या जोरात न्हाई चालवणार परत," ती म्हणाली. "दंड मी भरते. पण गाडी इकायची न्हाई. माझ्या नावावर करून द्या. त्यांच्या नावाला बोल नको. पुढचं चलन आलंच, तर माझ्या नावानं येऊ द्या."

"पुढचं?" दादाभाऊ वळले.

तिनं मान खाली घातली नाही. छातीत धडधडत होतं, पण ती धडधड भीतीची नव्हती, हे ओळखून ती जराशी चकितच झाली. दादाभाऊ काय म्हणतील ते तिला ठाऊक नव्हतं. फाट्याकडून एक मोटरसायकल येत होती – गिऱ्हाईक असेल, नसेलही... दादाभाऊ नाही म्हणाले तर, गाडी दारात आहे तोवर, उद्या पुन्हा विचारायचं. परवाही.