दोन किलो शंभर ग्रॅम

गुरुवारी सकाळी बाबा काट्यावर उभे राहिले आणि आकडा आला चौसष्ट पूर्णांक पाच. सोमवारी बासष्ट पूर्णांक चार होता.

"तीन दिवसांत दोन किलो? जेवता चिमणीएवढं!" मी म्हणाले. "काटा थापा मारतोय."

"तुझ्या हाताखालचा काटा? बिशाद आहे का त्याची!"

मी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. प्रमाणित वजनं ठेवायची आणि काटा किती चुकतो ते लिहायचं. त्यामुळे आकडा पटला नाही, की माझा पहिला संशय काट्यावर.

दोन महिन्यांपूर्वी झटका येऊन बाबांच्या हृदयाचा थोडा स्नायू कायमचा निकामी झाला होता. "हृदय बंद पडलेलं नाही, दुबळं झालंय," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. "रक्त पुरेसं पुढे जात नाही, म्हणून मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते आधी वजनात दिसतं, मग पायांवर, मग श्वासात. दोन किलो वाढले की लगेच फोन." मी ते सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं होतं.

फोन केला नाही. काटा पिशवीत घालून कामावर नेला. तिथे गिऱ्हाइकांच्या काट्यांची रांग होती. घरचा म्हणून आपला शेवटी ठेवला. शनिवार-रविवार सुट्टी.

शनिवारी आई म्हणाली, "चपला आवळतायत म्हणतात." रविवारी म्हणाली, "तीन उशा घेऊन झोपले. आडवं झालं की दम लागतो."

"काटा तपासू दे, मग बघू," मी म्हणाले. दोन्ही वेळा.

सोमवारी दुपारी त्यावर साठ किलो ठेवले. चूक वीस ग्रॅम. पुन्हा ठेवले. वीस ग्रॅम. तिसऱ्यांदा ठेवत होते, तेवढ्यात आईचा फोन आला. "अगं, त्यांचं वाक्यसुद्धा पुरं होत नाहीये."

रुग्णालयात ऑक्सिजन लावला, पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी बाबा बोलू लागले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला.

"वजन कधीपासून वाढत होतं?"

"काटाच बिघडला होता हो," बाबा घाईने म्हणाले. "हिने नेला दुरुस्तीला. पोर काय करणार?" माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

बाईंनी लिहिलं : नोंद नाही. "मग गोळ्या कमी पडल्या की अचानक काही झालं, कसं कळणार? सध्या आहे तोच डोस ठेवू."

म्हणजे हे सगळं पुन्हा होणार होतं.

"काटा बरोबर होता," मी म्हणाले. "गुरुवारीच दोन किलो शंभर ग्रॅम वाढले होते. सोमवारपासून रोज सातशे-सातशे. गोळी एकही चुकली नाही, जेवण आई अळणीच करते. फोन मी केला नाही."

त्यांनी ओळ खोडली, आकडे लिहिले, डोस वाढवला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "एवढं रचून सांगितलं, तेही पाण्यात घातलंस."

घरी आल्यावर पहिल्या सकाळी काटा पुन्हा जागेवर होता. एकसष्ट पूर्णांक नऊ.

"पटतोय का आकडा, शास्त्रज्ञबाई?"

मी तो लिहून घेतला.