औषध मिळालेली मेंढी

मी कँटरबरीच्या माळावरची एक म्हातारी मेंढी आहे. वय साडेचार वर्षं. हसू नका मित्रांनो, आमच्या घराण्यात दोन वर्षांच्या पुढे सहसा कोणी जात नाही.

आमच्या रक्तातच खोट आहे. वर्षभरात कोकरू आंधळं होतं, मग गोल गोल फिरत राहतं आणि एक दिवस उठत नाही. हीच खोट क्वचित माणसाच्या मुलातही येते. तिच्यावर औषध शोधायचं म्हणून डॉक्टर रोवेना यांनी आमचा कळप राखला. आजारी कोकरं जन्माला यावीत, म्हणूनच राखला.

मी तीन महिन्यांची असताना त्यांनी माझ्या डोक्यात औषध सोडलं. माझ्या जुळ्या भावाला नुसतं मिठाचं पाणी दिलं. फरक कळायला हवा होता ना! तो आंधळा झाला, तेव्हा मी त्याला खांद्याने ढकलत पाण्यापर्यंत न्यायची. तो गेला. मला मात्र दिसतच राहिलं.

माझा फोटो पेपरात आला. आमचा मेंढपाळ तामाती म्हणाला, "काय गं महाराणी, मिरवायचं तू आणि लोकर कापायची मी?"

तो फोटो पाहून सात वर्षांच्या ब्रायरला तिचे बाबा घेऊन आले. याच आजाराने तिची नजर गेलेली होती. माझं तोंड चाचपत तिने विचारलं, "ही मला बघतेय?"

"बघतेय की! टक लावून," तामाती म्हणाला.

"मग मी कशी दिसते?"

तामाती माझ्या मानेवरची लोकर सारखी करू लागला. मला सांगता आलं असतं, तर मी सांगितलं असतं.

तिचे बाबा डॉक्टरांना म्हणाले, "हिला कधी द्याल?"

"माणसाला किती द्यायचं, तेच अजून माहीत नाही हो. चुकलं तर जीव जाईल."

"तो तसाही जातोच आहे! मेंढीला दिलंत ना?"

पुढच्या वर्षी ब्रायर गेली.

गेल्या महिन्यात मी फाटकाला धडकले.

"पाय घसरला असेल," तामाती म्हणाला.

"खोटं बोलू नकोस रे," म्हणत डॉक्टर तिथेच चिखलात बसल्या. "उशिरा आला, पण तोच आजार आला."

उद्या ते मला कायमचं झोपवणार आहेत. माझा मेंदू तपासून जास्त औषधाचा प्रयोग नव्या कोकरांवर सुरू होईल. उत्तर मिळायला आणखी कितीतरी वर्षं लागतील, आणि मिळेलच असंही नाही, असं डॉक्टरच म्हणाल्या. तेवढी वर्षं हा आजार झालेल्या मुलांकडे नसतात.

मित्रांनो, औषध शोधणं तुमच्या हातात नाही, माझ्या तर नाहीच. पण तुमच्या वर्गात असं कोणी असेल, तर त्याला आजच खेळायला बोलवा. ब्रायर गेल्यावर तिचे बाबा एकदा एकटेच आले होते. कुंपणाला टेकून तामातीला सांगत होते, "शेवटच्या वाढदिवसाला वर्गातल्या सगळ्यांना बोलावलं होतं रे. दारावरची घंटा वाजेल म्हणून ती संध्याकाळपर्यंत कान देऊन बसली होती. कोणीच आलं नाही."